भाद्रपद वद्यात कातळकिनाऱ्यावर

आमच्या अंबाजोगाईकडची माणसे कोकणात जातात ती बहुधा दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात, म्हणजे पाऊस नसताना. कोरडी वाळू, मोकळे आकाश आणि शांत समुद्र पाहून ती परत येतात, आणि त्यात गैर काही नाही. पण बालाघाटाच्या डोंगरात राहून वर्षानुवर्षे मुलांना भूगोल शिकवताना माझ्या मनात एक गोष्ट राहून गेली होती. फळ्यावर सह्याद्रीची रेघ ओढायची, डावीकडे अरबी समुद्र आणि उजवीकडे आपला पर्जन्यछायेचा प्रदेश दाखवायचा, आणि डावीकडच्या अरुंद पट्टीत पडणारा पाऊस आकड्यांत सांगायचा, हे मी नोकरीभर केले. तो पाऊस तिथल्या खडकाळ किनाऱ्यावर उभे राहून मात्र कधी अनुभवला नव्हता. निवृत्तीनंतर तो योग जुळून आला. पावसाळा उतरणीला लागला आहे पण संपलेला नाही, समुद्राचा जोर ओसरतो आहे पण गेलेला नाही, अशा दिवसांत त्या किनाऱ्यावर काय काय करता येते, आणि ते कोणत्या वेळी व कोणत्या काळजीने करावे लागते, हे मी तिथल्या माणसांकडून टप्प्याटप्प्याने शिकले.

कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलदेवता आमची योगेश्वरी आहे. मार्गशीर्षात देवीचे नवरात्र असते तेव्हा रत्नागिरीकडची कुटुंबे कुलाचारासाठी अंबाजोगाईला येतात, आणि त्यांतल्या एका कुटुंबाशी आमचा दोन पिढ्यांचा घरोबा आहे. गणपतीपुळ्याच्या अलीकडे समुद्राकाठच्या एका वाडीत त्यांचे घर आहे. तिथल्या काकूंना मी फोनवर विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, गणपतीत येऊ नका, घराघरांत माणूस मावत नाही. अनंत चतुर्दशी होऊ द्या आणि वद्यातल्या द्वितीयेच्या आत पोचा." गर्दी टाळण्यासाठी चतुर्दशीनंतर यावे हे मला कळले. द्वितीयेचे कारण तिथे पोचल्यावर समजले.

निघण्याआधी शेताचा विचार करावा लागला. आमच्याकडे भाद्रपद म्हणजे सोयाबीनच्या शेंगा भरण्याचा काळ. या दिवसांत उत्तरा नक्षत्राचा पाऊस हवा असतो, पण काढणी सुरू झाल्यावर तोच पाऊस पिकाचा घात करतो. ह्यांनी शेतावर फेरी मारून काढणीला अजून अवकाश असल्याची खात्री केली, घरचे श्राद्ध दशमीचे असल्याने तोवर परतण्याचे ठरले, आणि पौर्णिमेला आम्ही निघालो. बरोबर सासूबाई आणि बारावीत शिकणारा पुतण्या होता. काकूंनी सांगितल्याप्रमाणे छत्र्या घरीच ठेवल्या, कारण तिथला वारा छत्री टिकू देत नाही. प्रत्येकाला टोपीचा रेनकोट, टाचेला पट्टा असलेली रबरी सँडल, आणि लवकर वाळणारे टेरिकॉटचे कपडे घेतले. सुती कपडे त्या हवेत वाळत नाहीत, दोन दिवसांनी त्यांना कुबट वास येऊ लागतो. यजमानांसाठी येसर, नवी शेंगदाण्याची चटणी, करडईचे तेल आणि ज्वारी घेतली.

तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज आणि कोल्हापूर असा आमचा मार्ग होता. मिरज आले की आमच्या भागातल्या माणसाला 2016 चा उन्हाळा आठवतोच, कारण लातूरला पाणी घेऊन येणारी रेल्वे याच मिरजेहून सुटत असे. कोल्हापूरला मुक्काम करून सकाळी आंबा घाटाकडे निघालो, तसा पाऊस सुरू झाला आणि पुढे थांबला नाही. घाटमाथ्यावर मी गाडी थांबवायला लावली. इथे पूर्वेकडच्या उतारावर पडलेला थेंब कडवी, वारणा आणि कृष्णा असा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जातो, आणि काही पावलांवर पश्चिमेकडे पडलेला थेंब काजळी नदीतून रत्नागिरीजवळ भाट्याला अरबी समुद्राला मिळतो. पुतण्याला हे पाठ होते, पण त्या धुक्यात दोन्ही उतारांवरून पाणी वाहताना पाहून तो बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आमच्याकडे वर्षाकाठी 700 ते 800 मिलिमीटर पाऊस झाला की साल बरे गेले असे आम्ही म्हणतो. रत्नागिरीत सरासरी 3000 मिलिमीटरांहून अधिक पडतो. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि पाण्याचा भार इकडेच रिता करतात. आमच्यापर्यंत येते ते उरलेले.

प्रतिपदेला तिन्हीसांजेच्या आत वाडीवर पोचलो. रात्रीच्या जेवणानंतर काकूंनी शेजारच्या एका वृद्ध तांडेलांना बोलावून घेतले. आयुष्यभर त्यांनी मासेमारीची होडी चालवली होती, आता होडी मुलाकडे आहे. घरातले सगळे त्यांना तांडेलमामा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. दुसऱ्या दिवशी कातळावर कधी जायचे असे मी विचारले, तर त्यांनी घड्याळाकडे न पाहता भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले आणि हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. द्वितीयेची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती आणि रात्रीही साधारण तेव्हाच. भरतीपासून सहा तास आणि थोडे वर मोजले की ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेआठच्या सुमारास पाणी सर्वांत मागे. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराला. शुद्ध असो की वद्य, प्रतिपदेपासून पुन्हा मोजायला सुरुवात करायची.

हे ऐकून सासूबाईंना फार आनंद झाला. उपवास, श्राद्ध, यात्रा, पेरणी यांसाठी त्या तिथ्या जन्मभर मोजत आल्या आहेत. समुद्रही त्याच तिथ्यांवर चालतो हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मला त्यामागचे कारण ठाऊक होते. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा उगवतो, त्याच्या मागोमाग भरतीही तितकीच पुढे सरकते, आणि पाऊणपटीच्या हिशेबात ती 45 मिनिटे धरली जाते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते, तेव्हा उधाण असते. अष्टमीला ते काटकोनात येते, तेव्हाच्या दुबळ्या भरती-ओहोटीला इथे भांग म्हणतात. उधाणात पाणी जितके वर चढते तितकेच मागेही हटते, आणि त्याचा पुरा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. द्वितीया आणि तृतीयेला हे दोन्ही जुळते: पाणी दूरवर हटलेले असते आणि ओहोटीची वेळ सकाळच्या उजेडात येते. काकूंनी द्वितीयेचा आग्रह का धरला ते असे उलगडले.

सकाळी सातला आम्ही उतरू लागलो. वर जांभ्याचा तांबडा कडा आणि त्याच्या पायथ्याशी समुद्रात शिरलेली काळ्या बसाल्टची पायरी, अशी तिथली रचना आहे. हा काळा खडक म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा पश्चिमेकडचा काठ. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जे लाव्हारस पसरले त्यांतूनच बालाघाट झाला, अंबाजोगाईच्या हत्तीखान्याची लेणी ज्यात कोरली तो पाषाणही त्याच कुळीचा. पुतण्याला मी तो हाताने चाचपून पाहायला सांगितला. आमच्याकडे हा खडक उन्हाने तडकतो. इथे लाटांनी त्याच्या भेगा रुंदावून घळी केल्या आहेत आणि पृष्ठभागावर पाण्याचे डोह कोरले आहेत.

कातळावर पाऊल ठेवण्याआधी मामांनी नियम सांगितले. हिरव्या शेवाळावर पाय ठेवायचा नाही, खरखरीत पांढुरक्या भागावरून चालायचे. एकेकट्याने पुढे जायचे नाही. "आणि समुद्राकडं पाठ करायची नाही. तो शांत दिसला तरी नाही." ओहोटीची वेळ झाली की वीस मिनिटांत परत फिरायचे, कारण पाणी समोरून येताना दिसते पण खडकांमधल्या घळींतून ते आधीच मागे येऊन बसलेले असते. सासूबाई कड्याखालच्या सुक्या वाळूवर काकूंबरोबर थांबल्या आणि आम्ही तिघे मामांच्या मागून निघालो.

पुढचा अर्धा तास या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. किनाऱ्यावरचे जीव तिथे कुठेही राहत नाहीत, प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. सर्वांत वर, जिथे उधाणाची लाटच पोचते, तिथे खडकाच्या खाचांत बारीक गोगलगायी दडून असतात. त्याखाली बार्नॅकल या कवचधारी जीवांचा खरखरीत पांढरा थर असतो, ज्यावरून चालायला मामांनी सांगितले होते. पाणी उतरले की हे जीव कवचाची झाकणे मिटून आत ओल साठवून ठेवतात. आणखी खाली खडकाला घट्ट चिकटलेली कालवे लागतात. वाडीतल्या काही बायका लोखंडी हत्याराने ती फोडून आतला गर डब्यात जमा करत होत्या. पाऊस असो वा नसो, ओहोटीच्या वेळेला त्या हजर असतात, आणि त्यांचा हात इतका सफाईने चालतो की बोलण्यात खंड पडत नाही. सर्वांत खाली, पाणी फार थोडा वेळ सोडून जाते त्या भागात, तपकिरी समुद्रशेवाळ आणि समुद्रफुले होती. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, तो प्राणी आहे. पाण्यात असताना त्याचे बाहू उमललेले असतात आणि सावली पडली की तो ते आत ओढून घेतो. रिकाम्या शंखात घर केलेले खेकडे तर प्रत्येक डोहात होते.

पुतण्या एका डोहाशी उकिडवा बसला तो उठेना. मामांनी त्याला एक दगड अलगद उलटून दाखवला, खालचे खेकड्यांचे पिलू पाहू दिले, आणि लगेच तो दगड होता तसा परत ठेवला. उलटा सोडला तर खालच्या बाजूचे जीव उन्हाने आणि वरच्या बाजूचे गुदमरून मरतात. पर्यटक शंख वेचून नेतात त्याविषयी त्यांची तक्रार होती आणि ती मला रास्त वाटली, कारण रिकामा शंख ही त्या खेकड्याची पुढची जागा असते. तेवढ्यात पश्चिमेकडून पावसाची सर आली. समुद्रावरून येणारी सर आधी दिसते, मग ऐकू येते आणि मग अंगावर येते. क्षितिज पुसले गेले, पाण्याचा रंग राखाडी झाला आणि बायकांनी डबे झाकले. आम्ही ओहोटी पूर्ण होण्याआधीच वर आलो, कारण ओल्या खडकावर जोरदार पावसात पुढचे पाऊल नीट दिसत नाही. मामांनी घाई केली नाही, पण थांबूही दिले नाही.

ती दुपार पडवीत गेली. पावसाळी किनाऱ्यावर बसून राहणे हेही एक काम आहे आणि ते टाळू नये, असे मला मनापासून वाटते. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, खाली भरतीचा आवाज वाढत होता, आणि दीडच्या सुमारास, सांगितल्या वेळेला, सकाळी आम्ही चाललो होतो तो सगळा कातळ पाण्याखाली गेला. काकूंनी कुळथाचे पिठले, मऊ भात, मेतकूट आणि सोलकढी वाढली. तवसांचे, म्हणजे मोठ्या काकड्यांचे, दिवस असल्याने किसलेल्या तवसाची गूळ घातलेली तवसोळीही केली होती. सासूबाईंनी त्यांना ज्वारीची भाकरी थापून दाखवली. दमट हवेत पीठ लवकर चिकटते, म्हणून त्यांनी पाणी बेताने घेतले.

तृतीयेला सकाळची ओहोटी पुन्हा पाहून आम्ही आत सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्याचे सपाट पठार. उन्हाळ्यात तिथे पाहण्यासारखे काही नसते असे लोक म्हणतात, पण भाद्रपदात त्याच्यावर वीतभर मातीही नसताना फुलांचे पट्टे उमटलेले असतात: पिवळी सोनकी आणि कवला, गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, आणि पाणी झिरपते तिथे निळी-जांभळी सीतेची आसवे. ही सीतेची आसवे कीटकभक्षी असतात. जांभ्यावरच्या पातळ, धुपलेल्या मातीत नत्र फार कमी असते, म्हणून ही वनस्पती मुळांसारख्या तंतूंवरच्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव पकडून ती उणीव भरून काढते. फुले पाहताना मामा पुढे काठी आपटत चालत होते, कारण रत्नागिरीच्या सड्यांवर फुरसे आढळते. लहानसा, जमिनीच्या रंगाचा हा साप विषारी आहे. म्हणून तिथे बूट घालावेत, दगडांच्या फटीत हात घालू नये आणि फोटो काढण्यासाठी खाली बसण्याआधी जागा नीट पाहावी.

त्या दुपारी उक्षीचे कातळशिल्प पाहिले. जांभ्याच्या सपाटीवर कोरलेला हा हत्ती आहे आणि गावाने त्याच्याभोवती दगडी कठडा घातला आहे. रत्नागिरी, राजापूर आणि लांजा भागांत सड्यांवर अशी कित्येक शिल्पे आहेत. कशेळीला एका प्रचंड हत्तीच्या बाह्यरेषेच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पायी पालथे घालून ही शिल्पे शोधली आणि नोंदवली. 2022 मध्ये कोकणातल्या निवडक कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. ती प्रागैतिहासिक काळातली मानली जातात. पावसात पाहण्याचा एक लाभ असा, की कोरलेल्या रेषांत पाणी साचून राहते आणि आकाशाच्या उजेडात आकृती स्पष्ट उठून दिसते. काकू म्हणाल्या की कडक उन्हात हाच हत्ती जवळून ओळखता येत नाही. हत्तीखान्याच्या अंगणातले दगडी हत्ती पाहतच आम्ही वाढलो, पण ते खडक तासून उभे केलेले. इथे जमिनीवर आडव्या पडलेल्या हत्तीकडे पाहताना तो कोरणाऱ्याने त्याचे प्रमाण मनात कसे धरले असेल, याचा विचार मी परत येईपर्यंत करत होते.

चतुर्थी संकष्टी होती. सासूबाईंचा उपवास आणि गणपतीचे दर्शन, शिवाय तिथीची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी तीनला. त्यामुळे हेदवीचा बेत आपोआप ठरला. गणपतीपुळ्याला संकष्टीची गर्दी असते म्हणून तिथे पहाटेच दर्शन घेऊन पुढे जयगडकडे गेलो. वाटेत नांदिवड्याच्या कऱ्हाटेश्वराला थांबलो. मंदिर कड्यावर आहे, खाली लाटा फुटत असतात, आणि तिथेच गोमुखातून गोड पाणी येते. खाऱ्या पाण्याच्या इतक्या जवळ गोडे पाणी कसे, असे सासूबाईंनी विचारले. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते आणि खालचा घट्ट थर लागला की बाजूने वाट काढते, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ओंजळभर पाणी पिऊन उरलेले डोळ्यांना लावले.

जयगडहून फेरीबोटीने गाडीसकट शास्त्री नदीची खाडी ओलांडून तवसाळला उतरता येते, त्यामुळे जमिनीवरचा मोठा वळसा वाचतो. बोटीवर वारा अंगावर घेत उभे राहणे पुतण्याला इतके आवडले की परतताना त्याने पुढचीच जागा धरली. हेदवीला दशभुज गणेशाचे दर्शन झाल्यावर आम्ही समुद्राकाठच्या उमामहेश्वराच्या देवळाजवळ गेलो. देवळाच्या बाजूने खडकावर थोडे चालले की बामणघळ येते. बसाल्टमधली ही एक लांब, अरुंद भेग आहे; भरतीची लाट तीत शिरली की पुढे जायला वाट नसल्याने ती सगळी शक्तीनिशी वर उसळते आणि पाण्याचा खांब माणसाच्या डोक्याहून कितीतरी उंच उडतो. लाट आत शिरताना आधी खोलवर गडगडाट होतो आणि पायाखालचा खडक थरथरल्यासारखा वाटतो. आम्ही घळीपासून बरेच दूर, वरच्या कोरड्या खडकावर उभे होतो आणि त्याहून पुढे गेलो नाही. ऐन पावसाळ्यात, ज्येष्ठ-आषाढात, इथे येऊ नये असे स्थानिक लोक सांगतात. भाद्रपदातही उतरायचे नाही, फक्त पाहायचे. काही तरुण मोबाईल हातात घेऊन कडेला जात होते, त्यांना ह्यांनी आणि देवळातल्या एका गृहस्थांनी मागे बोलावले, आणि ते आले. चंद्रोदय त्या रात्री ढगांमुळे दिसला नाही. सासूबाईंनी पंचांगातल्या वेळेला पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य दिले आणि मग उपवास सोडला.

पुढच्या दिवशी इतका पाऊस झाला की किनाऱ्यावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. अशा दिवसासाठी रत्नागिरी शहर योग्य आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 पासून इथे नजरकैदेत ठेवले होते. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा 1910 मध्ये पुरा झाला आणि 1916 मध्ये राजाचा इथेच अंत झाला. पावसात त्या वाड्याच्या सज्जातून खाडी पाहताना त्या परक्या माणसाने असे किती पावसाळे पाहिले असतील, हे मनात आल्यावाचून राहत नाही. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्रातले मत्स्यालय आणि तिथला देवमाशाचा सांगाडा मुलांना अवश्य दाखवावा. संध्याकाळी पाऊस कमी झाल्यावर मिरकरवाडा बंदरावर गेलो. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, म्हणून श्रावणापासून बंदर गजबजते; पण त्या दिवशी तीन नंबरचा बावटा लागला होता, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, आणि सगळ्या होड्या दाटीने आत नांगरलेल्या होत्या. खलाशी जाळी दुरुस्त करत बसले होते. मामांचा मुलगाही त्यांत होता. हंगामातला एकेक दिवस असा वाया गेला की डिझेलचे आणि माणसांचे गणित बिघडते, असे तो म्हणाला. पाऊस नेमका कधी यावा आणि कधी थांबावा याची चिंता ह्यांच्या आणि त्याच्या बोलण्यात इतकी सारखी होती, की ते दोघे सोयाबीन आणि बांगडा यांविषयी दिवेलागण होईपर्यंत बोलत राहिले.

इतके पाणी पाहून मी काकूंना म्हटले की तुम्हाला पाण्याची ददात नाही. त्या म्हणाल्या, "बाई, मे महिन्यात येऊन बघा. विहिरीचा तळ दिसतो." रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. जांभा पाणी धरून ठेवत नाही, आणि सह्याद्रीपासून समुद्र इतका जवळ की नद्या ते काही तासांत वाहून नेतात. आमच्याकडे पाऊसच थोडा, म्हणून मांजरावर धनेगावला धरण बांधून आम्ही ते वर्षभर पुरवण्याची धडपड करतो. भूगोलाच्या पुस्तकात या दोन प्रदेशांचे धडे वेगवेगळे असतात; माझ्या मते ते एकत्र शिकवायला हवेत, आणि शक्यतो मुलांना दोन्ही ठिकाणी नेऊन.

आरे-वारेच्या कड्यावरचा रस्ता मी मुद्दाम शेवटच्या सकाळसाठी राखून ठेवला होता. एका बाजूला सरळ खाली समुद्र, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडे, आणि वर समुद्रगरुडाची जोडी वाऱ्यावर पंख स्थिर धरून तरंगत होती. या पक्ष्याला कोकणात काकण म्हणतात. रस्त्याला ठिकठिकाणी गाडी थांबवता येते, त्यामुळे चालणे न जमणाऱ्या माणसांनाही इथून कातळ, वाळू, खाडी आणि येणाऱ्या सरी हे सगळे एकत्र पाहता येते. सासूबाईंनी गाडीतून उतरून कठड्याला धरून पुष्कळ वेळ पाहिले. किनाऱ्यावर पोहायला कुणी उतरलेले नव्हते आणि या दिवसांत उतरूही नये. गणपतीपुळ्याच्या वाळूवरून पाणी मागे जाताना पायाखालची ओढ किती असते, ते घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले तरी कळते.

आमसुले, कुळथाचे पीठ आणि फणसपोळी बांधून घेऊन निघताना मी मामांना माझा बेत सांगितला. मी जिथे शिकवत होते त्या शाळेतल्या मुलांना पुढच्या भाद्रपदात इथे आणायचे, द्वितीया-तृतीयेच्या ओहोटीला कातळ दाखवायचा आणि सड्यावर न्यायचे. मुख्याध्यापकांची अनुमती मिळण्यासारखी आहे आणि वाडीतल्या तीन घरांनी मुक्कामाची तयारी दाखवली आहे. मामा लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांनी आधी मुलांचे वय विचारले, मग किती जण पोहू शकतात ते विचारले, आणि आमच्या तालुक्यातली फार थोडी मुले पोहतात हे ऐकल्यावर अटी घातल्या. एका वेळी दहाच मुले कातळावर उतरतील, बाकीची वाळूवर थांबतील. दर दहांमागे वाडीतला एक जाणता माणूस असेल आणि त्याचा शब्द शिक्षकांनाही मानावा लागेल. बावटा लागला असेल तर मुले कितीही लांबून आलेली असोत, त्या दिवशी कुणीही उतरणार नाही. मी त्या तिन्ही अटी डायरीत त्यांच्यासमोरच लिहून घेतल्या.